व्यावसायिक दायित्व विमा : चूक, नुकसानभरपाई आणि तारखांचा हिशेब

मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाला अपघात होऊन त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावात प्रथमोपचार झाल्यावर सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्यातील एका शल्यविशारदाच्या रुग्णालयात आणण्यात आले. त्याच दिवशी रात्री तो मरण पावला. पूर्ण भूल न देता, प्रमाणाबाहेर जोर लावून हाड बसविण्यात आले आणि त्या धक्क्याने मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. मुलाच्या वडिलांनी लढविलेला हा दावा १९६८ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. नुकसानभरपाईची रक्कम होती ३,००० रुपये.

या निकालानंतर ४५ वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, कोलकात्यात झालेल्या उपचारांतील निष्काळजीपणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जवळपास ६ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. या प्रकरणातील महिला रुग्णाचा मृत्यू १९९८ साली मुंबईत झाला होता. व्याज धरून ही रक्कम ११ कोटींच्या पुढे गेली. त्यातील २५ लाखांचा भार तीन डॉक्टरांवर आणि उरलेला सर्व भार रुग्णालयावर टाकण्यात आला.

या दोन निकालांच्या दरम्यान भारतातील वैद्यकीय व्यवसायाचे कायदेशीर वातावरण पूर्णपणे बदलले. आपल्या हातून घडलेल्या चुकीची किंमत आयुष्यभराच्या कमाईहून अधिक असू शकते, ही शक्यता प्रत्येक व्यावसायिकापुढे उभी राहिली. त्यातूनच ज्या विम्याकडे लक्ष वेधले गेले, तो म्हणजे व्यावसायिक दायित्व विमा. विमा बाजारात तो ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’ या नावाने ओळखला जातो.

विम्याचे स्वरूप

आयुर्विमा किंवा आरोग्य विमा घेणाऱ्याचे स्वतःचे अथवा त्याच्या कुटुंबाचे नुकसान भरून काढतो. दायित्व विम्याचे तसे नाही. डॉक्टर, सनदी लेखापाल, वास्तुविशारद, अभियंता अशा व्यावसायिकाच्या निष्काळजीपणामुळे, चुकीमुळे किंवा करावयाची गोष्ट राहून गेल्यामुळे दुसऱ्या कोणाचे नुकसान झाले आणि ते भरून देण्याची कायदेशीर जबाबदारी त्या व्यावसायिकावर आली, तर ती रक्कम विमा कंपनी चुकती करते. त्याचबरोबर वकिलांची फी, तज्ज्ञांचे मत, न्यायालयीन शुल्क असा बचावाचा खर्चही कंपनी उचलते.

हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. अनेक तक्रारी अखेर फेटाळल्या जातात. परंतु त्या फेटाळल्या जाईपर्यंत काही वर्षे जातात आणि त्या काळात बचाव करावाच लागतो. तक्रार खोटी ठरली तरी वकिलाची फी परत मिळत नाही.

कायद्याची पार्श्वभूमी

पालशेतच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली होती : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना आणि प्रत्यक्ष उपचार करताना पुरेशी काळजी घेणे. मात्र त्या काळी दाद मागण्याचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा होता. तो वेळखाऊ आणि खर्चिक असल्याने सामान्य माणूस त्या वाटेला क्वचितच जात असे.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हा मार्ग सोपा केला. डॉक्टरची सेवा या कायद्याखाली येते की नाही, याबद्दल काही वर्षे वाद चालला. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पडदा टाकला. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही कायद्याच्या अर्थाने ‘सेवा’ आहे, असा निर्णय झाला. जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात, ती रुग्णालये तेवढी वगळण्यात आली.

२०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख नाही. त्यामुळे डॉक्टर आता या कायद्यातून सुटले, असा युक्तिवाद करण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उच्च न्यायालयाचाच निर्णय कायम ठेवला. नव्या कायद्याखाली तक्रार कोणत्या आयोगापुढे चालावी हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात. रुग्णालयाचे बिल सहसा या मर्यादेच्या आतच असल्याने कोट्यवधींच्या भरपाईची मागणीही जिल्ह्याच्या ठिकाणी करता येते.

अर्थात प्रत्येक अपयश म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्याच क्षेत्रातील सामान्य कुशल व्यक्तीने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली का, ही कसोटी १९५७ च्या बोलॅम या इंग्लंडमधील खटल्यातून आली. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मान्य केली. रुग्ण बरा झाला नाही किंवा उपचारांच्या दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडली, एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही.

‘घटना’ आणि ‘दावा’

डॉक्टरांनी एकत्र येऊन कायदेशीर संरक्षणाची व्यवस्था करण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटनमधील ‘मेडिकल डिफेन्स युनियन’ची स्थापना १८८५ साली झाली. अमेरिकेत हे संरक्षण प्रामुख्याने विमा कंपन्यांनी दिले. १९७० च्या दशकाच्या मध्यास तेथे दावे आणि हप्ते इतके वाढले, की काही कंपन्यांनी हा व्यवसायच आवरता घेतला. कॅलिफोर्निया राज्याने १९७५ साली वेदना व मनस्ताप यांसाठीच्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा घातली. २०२२ च्या दुरुस्तीने ती टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली.

विमा कंपन्यांची मुख्य अडचण काळाची होती. आज झालेल्या शस्त्रक्रियेबद्दलचा दावा कित्येक वर्षांनी येऊ शकतो. मग आज किती हप्ता आकारावा? त्यावर उपाय म्हणून पॉलिसीचे स्वरूप बदलण्यात आले. पूर्वी ज्या वर्षी घटना घडली त्या वर्षीची पॉलिसी लागू होत असे. नव्या पद्धतीत ज्या वर्षी दावा दाखल होतो, त्या वर्षी चालू असलेली पॉलिसी लागू होऊ लागली. भारतात डॉक्टरांना मिळणाऱ्या पॉलिसी सर्वसाधारणपणे या दुसऱ्या प्रकारच्या असतात. या विम्याबाबतचे बहुतेक गैरसमज आणि बहुतेक दुःखद प्रसंग या एका मुद्द्याशी निगडित आहेत.

तारखांचा हिशेब

पॉलिसीवर ‘पूर्वलक्षी तारीख’ नमूद केलेली असते. पहिल्यांदा विमा घेतला ती तारीख सामान्यतः पूर्वलक्षी तारीख धरली जाते आणि खंड न पडता नूतनीकरण होत राहिल्यास ती कायम राहते. संरक्षण मिळण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. घटना पूर्वलक्षी तारखेनंतरची असावी आणि दावा आला त्या दिवशी पॉलिसी चालू असावी.

एक उदाहरण घेऊ. एका शल्यविशारदाने १ एप्रिल २०१५ रोजी प्रथम पॉलिसी घेतली आणि दरवर्षी वेळेवर नूतनीकरण केले. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याने एक शस्त्रक्रिया केली आणि जून २०२१ मध्ये त्याबद्दल ग्राहक आयोगाची नोटीस आली. येथे २०१९ ची नव्हे, तर एप्रिल २०२१ पासून सुरू झालेली पॉलिसी उपयोगी पडेल.

आता समजा, हे डॉक्टर मार्च २०२१ मध्ये निवृत्त झाले आणि ‘आता रुग्ण तपासायचे नाहीत, मग हप्ता कशाला’ असा विचार करून त्यांनी नूतनीकरण केले नाही. जूनमध्ये नोटीस आली तेव्हा कोणतीही पॉलिसी चालू नाही. सहा वर्षे हप्ते भरले, शस्त्रक्रियेच्या दिवशी विमा होता, तरीही दाव्याच्या दिवशी ते विनासंरक्षण ठरतील.

तिसरी शक्यता अशी, की एप्रिल २०२० मध्ये नूतनीकरण राहून गेले आणि वर्षभराने, १ एप्रिल २०२१ रोजी, नवी पॉलिसी घेतली. नोटीस आली तेव्हा पॉलिसी चालू आहे. परंतु पूर्वलक्षी तारीख आता २०२१ ची झाली. २०१९ ची शस्त्रक्रिया तिच्या आधीची म्हणून दावा नाकारला जाईल. एका वर्षाच्या खंडाने मागील पाच वर्षांचे संरक्षण पुसले जाते.

कंपनी बदलतानाही हाच धोका असतो. नव्या कंपनीकडून जुनी पूर्वलक्षी तारीख कायम ठेवल्याचे लेखी घ्यावे. विम्याची रक्कम वाढविताना वाढीव रक्कम मागील घटनांना लागू होईल की नाही, हेही विचारून घ्यावे. निवृत्तीनंतर, व्यवसाय बंद केल्यावर किंवा परदेशी गेल्यावरही निदान काही वर्षे संरक्षण चालू ठेवावे. पॉलिसी संपल्यानंतर दावा कळविण्यासाठी काही कंपन्या मर्यादित वाढीव मुदत देतात. ती किती आहे, हे पॉलिसीतच पाहावे.

ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे; मग इतकी काळजी कशासाठी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही मुदत तक्रारीचे कारण निर्माण झाल्यापासून मोजली जाते आणि सबळ कारण असल्यास विलंब माफही होतो. मुंबईत नोव्हेंबर १९९३ मध्ये झालेल्या पित्ताशयाच्या एका शस्त्रक्रियेचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. २००२ साली दुसरी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पोटात गॉझ राहिल्याचे आढळले, अशी तक्रार गोव्यातील त्या रुग्ण महिलेने २००४ मध्ये राष्ट्रीय आयोगाकडे केली. आयोगाने मुदतीचा आक्षेप मान्य केला नाही. अखेर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरविली. डॉक्टर सुटले, पण पहिल्या शस्त्रक्रियेनंतर १७ वर्षांनी आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर.

रकमेची मर्यादा

पॉलिसीवर दोन मर्यादा असतात : एका घटनेसाठीची आणि संपूर्ण वर्षासाठीची. त्यांचे प्रमाण विमा घेताना ठरते. वर्षाची मर्यादा १ कोटी आणि प्रमाण एकास एक असेल, तर सर्व रक्कम एकाच दाव्यासाठी वापरता येते. प्रमाण एकास दोन असेल, तर एका घटनेसाठी ५० लाखच मिळतात. हप्ता कमी दिसतो म्हणून घेतलेल्या पॉलिसीत हे प्रमाण प्रतिकूल असण्याची शक्यता असते. अनेक पॉलिसींत बचावाचा खर्च याच रकमेतून वजा होतो. शिवाय दाव्याचा काही ठरावीक हिस्सा विमाधारकाने स्वतः सोसावयाचा असतो.

हप्ता व्यवसायातील जोखमीनुसार ठरतो. केवळ तपासणी करून औषधे देणाऱ्या डॉक्टरपेक्षा शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ यांना अधिक हप्ता पडतो. त्यामुळे अर्जात आपण प्रत्यक्ष काय काम करतो याची खरी व पूर्ण माहिती देणे आवश्यक असते. फॅमिली डॉक्टर म्हणून पॉलिसी घ्यायची आणि प्रत्यक्षात छोट्या शस्त्रक्रिया करायच्या, असे असल्यास दावा नाकारण्यास कंपनीला आयतेच कारण मिळते.

रुग्णालयासाठी वेगळी पॉलिसी असते. डॉक्टरच्या वैयक्तिक पॉलिसीवर रुग्णालयाने विसंबून राहू नये आणि डॉक्टरनेही रुग्णालयाच्या पॉलिसीत आपण आहोत असे गृहीत धरू नये. परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन दिल्याने एका बालकाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. त्या प्रकरणात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने बालकाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना मनस्तापापोटी पाच लाख रुपये देण्याचा आदेश कायम ठेवला. कर्मचाऱ्यांच्या चुकीची जबाबदारी रुग्णालयावर येते, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणूनच पॉलिसीत परिचारिका, निवासी डॉक्टर व साहाय्यक यांचा समावेश आहे का आणि त्यांच्या शैक्षणिक पात्रतेबद्दल कोणती अट आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

काय वगळलेले असते

हेतुपुरस्सर केलेले कृत्य, गुन्हेगारी कृत्य, मद्य किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली केलेले काम, दंड आणि शिक्षा म्हणून लादलेली रक्कम यांना संरक्षण नसते. आपल्या पात्रतेबाहेर जाऊन केलेल्या उपचारांनाही ते मिळत नाही. सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया, वजन घटविण्याचे उपचार आदी बाबी अनेक पॉलिसींत वगळलेल्या असतात किंवा जादा हप्त्यानेच समाविष्ट होतात. ‘शंभर टक्के गुण येईल’ अशी हमी देऊन ओढवून घेतलेली जबाबदारीही विम्याच्या कक्षेबाहेर राहते.

फौजदारी खटल्याबद्दल विशेष गैरसमज आढळतो. तुरुंगवास किंवा दंड यांपासून कोणताही विमा वाचवू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रियेदरम्यान असे घडल्यास कमाल मर्यादा दोन वर्षांची आहे. दोन्ही बाबतींत दंडही होतो. काही कंपन्या अशा खटल्यातील बचावाचा खर्च जादा हप्ता घेऊन देतात. जेकब मॅथ्यू निकालानुसार डॉक्टरविरुद्ध फौजदारी कारवाईपूर्वी तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावयाचे असते आणि केवळ आरोप झाला म्हणून सरसकट अटक करावयाची नसते.

अन्य व्यावसायिक

सनदी लेखापालाच्या चुकीने अशिलाचे आर्थिक नुकसान होऊ शकते, वास्तुविशारदाच्या सदोष आराखड्याने इमारत धोक्यात येऊ शकते, तर संगणक प्रणाली पुरविणाऱ्या कंपनीच्या त्रुटीमुळे ग्राहकाचा व्यवसाय ठप्प होऊ शकतो. या सर्वांसाठी स्वतंत्र पॉलिसी उपलब्ध आहेत. परदेशी ग्राहकांशी करार करताना माहिती तंत्रज्ञान कंपन्यांकडे असा विमा असण्याची अट अनेकदा घातली जाते. त्या वेळी पॉलिसीचे कार्यक्षेत्र केवळ भारतापुरते आहे की अन्य देशांतील दाव्यांनाही ते लागू आहे, हे निर्णायक ठरते. विमा दलाल कंपन्यांवर तर विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार हा विमा बंधनकारकच आहे.

वकिलांची स्थिती वेगळी आहे. वकिली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. त्या वेळी डॉक्टरांविषयीच्या १९९५ च्या निकालाचाही फेरविचार व्हावा, असे मत खंडपीठाने व्यक्त केले होते. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने तशी गरज नसल्याचे सांगितले. डॉक्टरांची जबाबदारी त्यामुळे पूर्ववत राहिली. वकिलांविरुद्ध दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा असल्याने त्यांनाही या विम्याची गरज नाही, असे म्हणता येत नाही.

रुग्णाच्या बाजूने

हा विमा केवळ डॉक्टरांच्या हिताचा आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. आयोगाने भरपाई मंजूर केली, पण लहान दवाखाना चालविणाऱ्याची ती देण्याची ऐपतच नसेल, तर हुकूमनामा कागदावरच राहतो. कायमचे अपंगत्व आलेल्या मुलाच्या आईवडिलांना वर्षानुवर्षे वसुलीसाठी खेटे घालावे लागतात. मागे विमा कंपनी उभी असेल, तर पैसे मिळण्याची शाश्वती पुष्कळ वाढते. ब्रिटनमध्ये डॉक्टरला व्यवसाय करण्यासाठी पुरेसे विमासंरक्षण असणे कायद्याने आवश्यक आहे. न्यूझीलंडने १९७४ पासून वेगळीच वाट धरली. तेथे दोष कोणाचा हे सिद्ध न करताही उपचारांतील इजेबद्दल सरकारी निधीतून साहाय्य मिळते. भारतात सर्व डॉक्टरांवर हा विमा सक्तीचा करणारा केंद्रीय कायदा नाही. तो घ्यावा की नाही, हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविलेले आहे.

नोटीस आल्यानंतर

वकिलाची नोटीस, पोलिसांचे पत्र किंवा नुकसानभरपाईची लेखी मागणी हाती पडताच विमा कंपनीला ताबडतोब लेखी कळवावे. ‘बघू, मिटेल’ म्हणून थांबणे महागात पडते. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करू नये, तसेच परस्पर तडजोडही करू नये. तसे केल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. ग्राहक आयोगापुढे उत्तर देण्यास ३० दिवस आणि आयोगाने मान्य केल्यास आणखी १५ दिवस मिळतात. हे ४५ दिवस उलटल्यानंतर उत्तर स्वीकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. कंपनीला उशिरा कळविल्यास वकील नेमण्यातच ही मुदत निघून जाऊ शकते.

बचावाचा खरा आधार मात्र कागदपत्रांचा असतो. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांचे केसपेपर उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावे लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. लांबणाऱ्या दाव्यांचा विचार करता ते त्याहून अधिक काळ जपणे शहाणपणाचे आहे. संमतिपत्राचेही तसेच. तपासणीसाठी दिलेली संमती ही पुढील शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली बजावले आहे. नोटीस आल्यावर केसपेपरमध्ये केलेली खाडाखोड तर मूळ चुकीपेक्षाही अधिक घातक ठरते.

पॉलिसी घरी आल्यावर ती कपाटात ठेवण्यापूर्वी पाच गोष्टी अवश्य तपासाव्यात : पूर्वलक्षी तारीख, पॉलिसी संपण्याची तारीख, एका घटनेसाठीची मर्यादा, वगळलेल्या बाबी आणि दावा कळविण्याची मुदत. त्यांतील तीन गोष्टी तारखांशी आणि मुदतीशी संबंधित आहेत, हे विसरता कामा नये.